मीटरविरुद्धचं माझं भाषण

बारामतीत मी आयुष्यात एकदाच सभा गाजवली. समोर टेबलामागे नगरपालिकेचे मेंबर, बाकांवर निम्मं गाव, दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या बायका, आणि मधोमध मी, हात वर करून घरोघरच्या पाण्याच्या मीटरचे वाभाडे काढत होते. टाळ्या अशा पडल्या की आढ्यावरची कबुतरं उडाली. आता ती टाळ्यांनीच उडाली की बाहेर कुणा टांगेवाल्यानं चाबूक ओढला म्हणून, याची मी कधी चौकशी केली नाही. टाळ्यांनी उडाली असं सांगायला मला आवडतं, आणि सांगणारी मी आहे.

गंमत अशी की त्या भाषणातल्या एकाही वाक्यावर माझा विश्वास नव्हता. पाणी मोजून वापरावं हे मला कुणी पटवून द्यायची गरजच नव्हती. मी इंदापूरची.

बारामतीकरांना हे कळायचं नाही. त्यांच्या गावाशेजारून कॅनॉल वाहतो, उसाला पाणी, गुळाला गिऱ्हाईक, सगळं ओलंचिंब. इंदापुरात आमच्या विहिरीत पोहरा सोडला की तो खाली कुठे तरी खडकावर खडखडायचा आणि वर यायचा तो अर्धाच, तोही मचूळ पाण्याचा. आमच्या घरी एकच पाणी दिवसभर कामाला असायचं. सकाळी ते भाजी धुवायचं, मग भांड्यांची राख उतरवायचं आणि शेवटी शेणात कालवून अंगणावर पडायचं. आम्हा पोरींना आई परातीत बसवून अंघोळ घालायची, म्हणजे अंगावरून उतरलेलं पाणी पळून जाऊ नये. पाहुणा आला की त्याच्या हातात अर्धं फुलपात्र आणि तोंडावर गोड हसू: "लागलं तर आणखी देते हं." भरलेलं फुलपात्र देऊन उष्टं पाणी फेकून द्यायचं, हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नसतं.

अशी मी बारामतीत आले ती पन्नास सालानंतर, तिशीच्या आत, एक ट्रंक आणि आईची पितळी घागर घेऊन. लग्न झालं होतं आणि दुसरी दिवाळी यायच्या आत नवरा तापानं गेला होता. सासरच्यांनी परत पाठवलं, वडिलांनी शिकवलं, मुलींच्या शाळेत नोकरी लागली. गूळबाजारामागच्या एका बोळात मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मालक पुण्याला. एका खोलीत मी राहायचे आणि दुसऱ्या खोलीत काय करायचं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेत दिवस छान जायचा. मी मुलींना इतिहास शिकवायचे म्हणजे खरं तर सगळ्या लढाया एकटीच लढून दाखवायचे. फळ्याचं डस्टर ढाल आणि पट्टी तलवार. शाळा सुटली की मात्र गप्प. बोळात घरोघर चुली पेटायच्या, कुणी पोरांना हाका मारायचं, कुणी सुनेला. मला हाक मारणारं कुणी नव्हतं. एकदा मीच मला मोठ्यानं हाक मारून बघितली. बरं नाही वाटलं. पुन्हा मारली नाही.

चैत्रात आणि संक्रांतीत बोळातल्या बायका नटूनथटून माझ्या दारावरून जायच्या. हातात तबक, अंगावर ठेवणीतली लुगडी. हळदीकुंकवाला माझ्यासारखीला कोण बोलावणार? त्यांचा दुष्टावा नव्हता. नंतर कुणाची तरी पोर कैरीची डाळ द्रोणात घालून मला आणून द्यायची. मी ती खायचे. डाळ चांगली असायची. पण द्रोण दारातच हातात पडायचा, इतकंच.

आणि म्हणून मला बोळाच्या कोपऱ्यावरचा सरकारी नळ जिवापेक्षा प्यारा होता. नळावर जायला आमंत्रण लागत नाही.

सकाळी नळवाला चावी फिरवून पाणी सोडायचा त्याच्या बऱ्याच आधी तिथे भांड्यांची ओळ लागलेली असायची. बाई नसली तरी चालेल, भांडं हवं. भांडं ओळीत म्हणजे बाई ओळीत. सगळ्यांना सगळ्यांची भांडी तोंडओळखीची. माझी घागर इंदापूरच्या विहिरीत आपटून एका अंगाला चेपली होती, म्हणून तिला लंगडी म्हणायचे. "मास्तरणीची लंगडी आली का?" असं कुणी विचारलं की मला उगाच माझी तब्येत विचारल्यासारखं वाटायचं.

आमच्या नळाचा एक रिवाज होता. आपलं भांडं भरलं की ते उचलून मागच्या बाईला म्हणायचं, "झाली हो माझी, लावा तुमची." ते म्हटल्याशिवाय मागची पुढे सरकायची नाही, नळ वाहत असला तरी. न बोलता घागर उचलली तर भांडण आहे असं सगळा बोळ समजायचा. त्यामुळे रोज सकाळी एक तरी बाई मला बोलवायची, "लावा तुमची," आणि एका तरी बाईला मी बोलवायचे.

नळाचं राज्य आत्याकडे होतं. ती माझी कुणी नव्हे, सगळा बोळच तिला आत्या म्हणायचा. समोरच्या घरात राहायची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गुडघे कायमचे दुखरे, जीभ कायमची तरतरीत. दुसरी बाई म्हणजे शेजारची भाभी. तिच्या नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान. बोळातल्या प्रत्येक हातात तिच्या दुकानाची बांगडी, पण हळदीकुंकवाला तीही नसायची आणि ओळीत तिच्या कळशीशेजारी कुणाचं भांडं लागलं तर मधे वीतभर जागा सुटायची. त्या जागेत मी माझी लंगडी ठेवायचे. आम्हा दोघींचं या विषयावर कधी बोलणं झालं नाही.

"मास्तरीण," आत्या विचारायची, "एकट्या जिवाला तुला पानी लागतं किती गं? रोज चार-चार खेपा?"

"पोरींच्या वह्या तपासून हात शाईनं भरतात, आत्या."

"हात धुतीस का हत्ती?"

खरं तर मला एक घागर पुरून उरायची. पण एक घागर म्हणजे एकच पाळी. मग मी घागर भरून न्यायचे, कळशी घेऊन यायचे, पुन्हा ओळीच्या शेवटी उभी राहायचे. कळशी झाली की तांब्या. एकदा तर मी फुलपात्र घेऊन ओळीत उभी राहिले आणि आत्यानं ते उचलून सगळ्यांना फिरवून दाखवलं. एवढ्या पाण्याचं घरी काय करायचं, हा पेच होता. फेकायचं तर इंदापूरचा हात पुढे होईना. शेवटी मी परसात भोपळ्याचा वेल लावला आणि सगळं पाणी त्याला घातलं. तो वेल माजला. माझं छप्पर झाकून भाभीच्या छपरावर गेला. मास्तरणीच्या हाताला काय गुण आहे म्हणून बोळात माझं नाव झालं, आणि मी घरोघर भोपळे वाटले.

असं बरं चाललं होतं. एका सकाळी आमच्या भागातले मेंबर धोतराचा सोगा धरून नळाशी येऊन उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणायचे.

"आता तुमचे हाल संपले बरं का," ते म्हणाले. "घराघरात नळ देतोय. मोरीत उभं राहून पाणी भरायचं."

बायकांत जी कुजबूज उठली ती मला नीट ऐकूच आली नाही. कानात दडे बसल्यासारखं झालं.

"आणि ह्यो नळ?" आत्यानं विचारलं.

"घरात नळ आल्यावर हा कशाला? काढून टाकायचा. जोवर बोळात एक जरी घर नळाविना हाय तोवर ठेवू, मग काढू. पण एक अट हाय. प्रत्येक नळाला मीटर. कॅनॉलचं पाणी नगरपालिकेला मोजून मिळतं. तुमी नळ सोडून बसला तर आमी आणायचं कुठनं? मीटर न्हाय तर घरात नळ न्हाय, हे मी आत्ताच सांगून ठेवतो."

"मीटर मंजी काय ओ, आबा?" एकीनं विचारलं.

"घड्याळासारखं असतं. काचेखाली काटा. पाणी गेलं की काटा फिरतो, किती गेलं ते कळतं."

"कोनी वापरलं त्ये बी कळतं?" आत्याची नजर आपल्या सुनेकडे गेली.

"आणि नमाजाच्या वजूचं पाणी?" भाभीनं हळूच विचारलं. "तेपण मोजनार?"

"सगळंच," आबा म्हणाले. "काटा काय धर्म बघतो व्हय?"

नमुन्याचं एक मीटर नगरपालिकेच्या कचेरीत कारकुनाच्या टेबलावर ठेवलं होतं. सगळं गाव ते बघून आलं. आत्या गेली ती तबक घेऊनच. यंत्र आहे, घरात यायचंय, पूजा नको का? तिनं मीटरला हळदीकुंकू वाहिलं आणि वर फूल ठेवलं. काच लालपिवळी झाली. कारकून कपाळाला हात लावून ते पुसत होता तेव्हा मी तिथे उभी होते. मी त्या काट्याकडे बघत होते. माझ्या घरात हा काटा काय करेल ते मला स्पष्ट दिसत होतं. काही नाही. तो एका जागी बसून राहील, माझ्यासारखा.

घरी आले आणि हिशेब केला, पाण्याचा नव्हे, माणसांचा. घरात नळ आले की कोपऱ्यावरचा जाणार. कोपऱ्यावरचा गेला की सकाळी मला "लावा तुमची" म्हणणारं कुणी राहणार नाही. मग काय करायचं? आबांनी वाट स्वतःच दाखवली होती: मीटर नाही तर घरात नळ नाही. म्हणजे मीटर पाडलं की नळ पडला! इतकं सोपं होतं ते. मला वाटलं, बाई असून आपण वकील व्हायला हवं होतं.

गावाचं मत घ्यायला नगरपालिकेनं सभा बोलावली. मी आदल्या दिवशी शाळेच्या रिकाम्या वर्गात बाकांसमोर तालीम केली. सभेत आधी दोघाचौघांनी भाषणं केली, पाणी जपावं, मीटर चांगलं, वगैरे. त्यांचं सगळं बरोबर होतं आणि सगळे जांभया देत होते. मग मी उठले.

"माझा मीटरला विरोध आहे," मी म्हणाले, "कारण मला या गावातल्या सासवा माहीत आहेत."

मागच्या बाकांवर हशा झाला. झालं, सभा माझ्या हातात आली.

"सून न्हाऊन बाहेर येईल आणि सासू आत जाऊन काटा बघेल. केस धुतलेस की गाव धुतलंस? जावई येईल. त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवताना सासऱ्याची नजर जावयाकडे नाही, काट्याकडे! उन्हातून वाटसरू दाराशी येईल, पाणी मागेल, आणि आपण त्याला म्हणू, थांब बाबा, जरा मीटर बघून येते. बारामतीच्या दारातून कुणी तहानलेला गेला आहे का आजवर? दूध मोजा, धान्य मोजा, सोनं मोजा. दारी आलेल्याच्या ओंजळीत घालायचं पाणी मोजणार आहात का तुम्ही?"

ओंजळ करून मी ती मेंबरांच्या टेबलापुढे धरली. दोन क्षण तशीच धरून ठेवली. आणि टाळ्या. आणि कबुतरं.

मनात मला आई दिसत होती, अर्धं फुलपात्र हातात घेऊन दारात उभी. ती म्हणाली असती, कार्टे, काय बरळतेस?

"मग मीटर नको म्हणता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नको! नको!" सगळी सभा.

मी खाली बसले. आता अध्यक्ष म्हणणार होते, मग नळही नाही, आणि मी घरी जाऊन लंगडी घासून ठेवणार होते.

तेवढ्यात दाराशी, बायकांतून, आत्याचा आवाज चढला.

"मीटर नगं! नळ मातुर हवा!"

आणि मग बाकांवरून, दारातून, खिडकीतून तेच: "मीटर नगं, नळ हवा! मीटर नगं, नळ हवा!" पोरं रस्त्यावर नाचत ओरडायला लागली. मेंबरांनी एकमेकांकडे बघितलं. निवडणूक जवळ आली होती. आबांनी अध्यक्षांच्या कानात काही सांगितलं, अध्यक्षांनी मान हलवली, आणि तिथल्या तिथे ठरलं: घरोघर नळ, मीटर नाही, कुणी कितीही वापरा, पाणीपट्टी सगळ्यांना सारखी.

बाहेर बायकांनी मला घेरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी इतक्या बायकांच्या मधोमध होते. आत्यानं माझ्या हातात अर्धा नारळ दिला. "तू हुतीस म्हनून, मास्तरीण," ती म्हणाली. "न्हायतर ह्या मेल्यांनी आमाला काट्यावर टांगलं असतं."

मी हसले. काय करणार? नारळ गोड निघाला.

नळ बसायला लागले. नळवाला बोळाच्या वरच्या टोकापासून एकेक घर करत खाली यायचा आणि एकेक घर झालं की कोपऱ्यावरच्या ओळीतलं एकेक भांडं कमी व्हायचं. आधी ओळ गल्लीच्या वळणापर्यंत असायची, मग पिंपळापर्यंत, मग पिंपळाच्या अलीकडे. आत्याच्या घरी नळ बसला तेव्हा तिनं सगळ्यांना पेढा दिला. भाभीच्या घरी बसला तेव्हा ती दारात येऊन मला म्हणाली, "आता बाहेर पडायलाच नको बघा बाई, किती बरं झालं." आणि मग बराच वेळ दारात उभी राहिली.

घरोघर पाणी वाहू लागलं. मीटर नाही, मग बंद कशाला करायचा? मोरीत बादली भरून वाहायची, नळाखाली भाजी, कपडे, पोरं. अंगणं धुतली, पायऱ्या धुतल्या, म्हशी धुतल्या. गटारातून स्वच्छ पाणी खळखळत खाली जायचं आणि गूळबाजाराच्या रस्त्यावर तळं साचायचं. एकदा मी गटारातलं ते पाणी कळशीनं भरून घ्यायला वाकलेसुद्धा होते. शाळेतली एक पोर समोरून आली म्हणून चप्पल शोधल्यासारखं केलं.

माझ्या घरी मी नळ घेतला नाही. नळवाल्याला सांगितलं, मालक पुण्याला, त्यांची परवानगी नाही. परवानगी मी मागितलीच नव्हती. बोळात एक घर नळाविना होतं, म्हणून शब्दाप्रमाणे कोपऱ्यावरचा नळ राहिला. माझ्या एकटीसाठी.

रोज सकाळी मी जायचे. नळवाला चावी फिरवायचा, पाणी धो धो यायचं. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मला वाटायचं, कुणी तरी येईल. एकटं भांडं बरं दिसत नाही म्हणून मी घागर, कळशी आणि तांब्या तिन्ही एकदम नेऊन ओळीनं मांडायला लागले. ओळ दिसावी म्हणून. बघणाऱ्याला वाटावं, आहे अजून. घागर भरली की बाजूला ठेवायचे आणि तिथेच उभी राहायचे. बोळातल्या मोऱ्यांमधून बायकांचे आवाज यायचे, पण भिंतीपलीकडून. सगळ्या बोलत होत्या, आपापल्या घरात.

वेलाला पाणी पुष्कळ मिळत होतं. तरी त्या वर्षी भोपळा धरला नाही. फुलं यायची आणि गळून जायची.

एका सकाळी आत्या देवळात निघाली होती. माझ्या तीन भांड्यांच्या ओळीपाशी थांबली. आधी ओळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अजून हितंच व्हय गं तू?"

"मालक ऐकत नाहीत, आत्या."

ती नळाच्या कठड्यावर बसली, गुडघे चोळत.

"करमत न्हाय बघ," ती म्हणाली. "नळ आला, गुडघं सुखावलं, पर सकाळ खायला उठती. सुनंला बोलायचं न् भिंतीला बोलायचं एकच. तेवढं मीटर असतं ना, मास्तरीण, तर मी रोज आले असते हितं."

"मीटर असतं तर? म्हणजे?"

"आगं, घरातलं मापाचं न् हितलं फुकटचं! फुकटचं सोडून कोन मापाचं वापरील? आमचं ह्ये घरातल्या नळाला कुलूप घालून बसलं असतं. सगळा बोळ आला असता घागरी घिऊन, आधीगत." ती उठली. "पर तू असलं भाषन ठोकलंस..." आणि हसत हसत, कंबरेवर हात ठेवून, देवळाकडे गेली.

मी तिथे उभी राहिले. घागर भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं. इंदापूरची मी, आणि माझ्या पायाशी पाणी वाहत होतं.

ज्याला मी आढ्यापर्यंत उडवून लावलं ते एकच यंत्र या बोळाला माझ्यापाशी ओढून आणणार होतं! मला हसू आलं. खरंच आलं. अशी चूक करायला माणूस नुसता हुशार असून चालत नाही, भाषणही चांगलं यावं लागतं.

त्याच आठवड्यात मी नळवाल्याला म्हटलं, मालकांनी होकार दिला, बसव. त्यानं माझ्या मोरीत नळ बसवला आणि जाता जाता कोपऱ्यावरचा काढून नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोरीत घागर लावली. भरली. उचलली. आणि तोंडातून सवयीनं गेलं, "झाली हो माझी, लावा तुमची."

मोरी लहान होती. आवाज माझा मोठा. तो भिंतीवर आपटून मलाच परत आला. नळ वाहत होता आणि मी खुळ्यासारखी थांबले होते, कुणी तरी पुढे सरकायची वाट बघत. मग नळ बंद केला.

पुढे एका दुपारी शाळा सुटल्यावर मी नगरपालिकेच्या कचेरीत गेले. नमुन्याचं मीटर अजून कारकुनाच्या टेबलावरच होतं. कागद उडू नयेत म्हणून त्यांच्यावर ठेवलेलं. मी ते उचललं.

"हे माझ्या घरी बसवून द्या."

कारकुनानं चष्मा वर केला. "बाई, तुम्हीच ना त्या? ओंजळीवाल्या?"

"मीच."

"मग?"

"शाळेतल्या मुलींना दाखवायचंय. यंत्र कसं चालतं ते. आणि बसवलं की बघायलाही कुणी यायला हवं बरं का. दर महिन्याला. नियम म्हणजे नियम."

कागद उडाले ते गोळा करण्यात तो गुंतला आणि मी मीटर घेऊन निघाले; नळवाल्याकडून ते मोरीत बसवून घेतलं. अशा रीतीनं त्या काळच्या बारामतीत घरच्या नळाला मीटर असलेली मी एकटी बाई झाले.

नळवाला महिन्याच्या महिन्याला यायचा. पहिल्याच खेपेला त्यानं काच पुसून बघितली, बोटानं टिचकी मारली.

"बाई, ह्ये बंद पडलंय. काटा हाललाच न्हाय म्हना की."

"चालू आहे. बघ." मी नळ सोडला, खाली अर्थातच बादली ठेवून. काटा जरासा सरकला.

"मग वापरता कुठं तुमी पानी?"

"वापरते की. चहा घेणार?"

तो चहा घ्यायचा. मी त्याला इतिहासातली एखादी लढाई सांगायचे. तो "व्हय का?" म्हणायचा आणि दुसऱ्या घोटाला उठायच्या बेतात असायचा. चहा मी जरा जास्तच गरम द्यायचे.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी घरोघर हत्यारं-अवजारं पुजतात. कोयते, विळ्या, तराजू, शिवणयंत्रं. सकाळी दारात कुणाचे तरी पाय वाजले. बघते तर आत्या, हातात तबक. हळद, कुंकू, झेंडूची फुलं, सगळं.

माझ्या दारात तबक! मी बाजूला झाले.

"त्या कारकुनानं पुसलं हुतं मेल्यानं," आत्या म्हणाली. "तवापास्नं मनात हुतं. कुठं हाय तुजं यंत्र?"

मी तिला मोरीत नेलं. तिनं वाकून, गुडघ्यांना शिव्या देत, मीटरच्या काचेला हळद लावली, कुंकू लावलं, फूल ठेवलं, हात जोडले. मग वळली. हातात तबक, समोर मी. कुंकवाचा करंडा आमच्या दोघींच्या मधे. तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं. मी तिच्या कपाळाकडे. तिचा अंगठा करंड्याजवळ जाऊन थांबला आणि तिनं तबक खाली ठेवलं.

"पानी दे बाई," ती म्हणाली. "चालून घसा सुकला."

समोरच्या घरातून आली होती ती.

मी फुलपात्र घेतलं. हात सवयीनं अर्ध्यावर थांबला. मग मी ते काठोकाठ भरलं आणि तिच्या हातात दिलं. ती सगळं प्यायली, एक थेंब न ठेवता, आणि म्हणाली, "आनखी दे." मी आणखी दिलं. ती भिंतीला टेकून बसली. सुनेचं बोलली, गुडघ्यांचं बोलली, कॅनॉलचं पाणी आता कमी येतं म्हणाली, वरच्या घरांत धार बारीक झाली म्हणाली, नगरपालिका पुन्हा मीटरचं काढणार असं आबा म्हणत होते म्हणाली. "आनि तू पुना भाषन करू नगंस," असंही. मग सूर्य वर आला, तिच्या घरून हाक आली आणि ती गेली. त्यानंतर तबक घेऊन ती पुन्हा आली नाही. तशी खंडेनवमीही वर्षातून एकदाच येते.

महिनाअखेरीला नळवाला आला. मोरीत वाकला आणि तिथूनच ओरडला.

"बाई, काचंवर कुकू हाय! काटा दिसंना. फडकं द्या, पुसतो."

"पुसू नको," मी म्हणाले.

"मग वाचू कसं?"

मी चुलीवर चहाचं आधण ठेवत होते. दोन कपांचं.

"मागच्या महिन्याएवढंच धर," मी म्हणाले. "आणि बस जरा."